तिसरी तबकडी

खेळ चार तबकड्यांचा होता.
तिसरी आत सरकवली की
खोक्याच्या पोटात घरघर व्हायची
आणि आडव्या रेघांच्या जाळीतून
माझा बाप यायचा.

पेलिकन म्हणत त्याला.
माझ्या डाव्या पंखाला पंख लावून उडणारा.
खरं नाव रॉयस हॉफपाउअर,
आठवडाभर बेन व्हाइट रस्त्यावर टायर विकायचा,
नाताळात चर्चच्या नाटकात हेरोद राजा.

ऑस्टिनचा ऑगस्ट. गोदाम, आत निळी भिंत.
आवाज घेताना एसी बंद करत,
कारण अंतराळात एसी घरघरत नाही.
मोटरसायकलच्या दुकानातलं जाकीट,
त्यावर माझ्या आईनं शिवलेला बिल्ला,
आणि आत घामानं निथळत बाप सांगायचा
की बाहेर शून्याखाली दोनशे अंश आहे.
मी बारा वर्षांची. वायरींच्या वेटोळ्यावर बसून
कोकच्या बाटलीत खारे दाणे टाकत होते.

सातवी मोहीम.
एक मालवाहू जहाज, बारा शत्रू, सहा मिनिटं.
वेळेत वळलात तर पेलिकन वाचतो,
कॅन्टीनमध्ये कॉफी ओततो आणि म्हणतो,
"उशीर केलास, पोरा. पण आलास."
नाही वळलात तर शवपेटी.
झेंडा, बिगूल, उघडणारं दार, तारे.
दोन्ही शेवट एकाच दुपारी चित्रित झाले.
आधी मरण,
कारण पेटी भाड्याची होती, पाचच्या आत परत द्यायची होती.

खेळाचा नायक पुरुष, म्हणून "पोरा".
पुढे घरीही तो मला तेच म्हणू लागला.

मी त्याला कधी मरू दिलं नाही.
सहा मिनिटांत, मग पाचात, मग साडेतीनात;
कुठला शत्रू कुठल्या उल्केआडून निघतो
हे बोटांना पाठ होतं.
ती कॉफी मी शेकडो वेळा पाहिली,
किटलीत काही नव्हतं हे ठाऊक असून.

या मार्चात, लबकच्या इस्पितळात, पहाटे.
धुळीच्या वादळानं माझं विमान डॅलसलाच थांबवलं.
मी पोचले तेव्हा नर्स पलंगाची चादर बदलत होती.
उशीर केलास, असं म्हणायलाही कोणी नव्हतं.

पेटी आम्ही सहा जणांनी उचलली.
एवढी जड असते हे मला माहीत नव्हतं.
डावा खांदा अजून दुखतो.

काल जुना खोका माळ्यावरून काढला.
सातवी मोहीम.
चौथ्या मिनिटाला मी काठीवरचा हात काढून घेतला.

रेडिओवर त्यानं तीनदा हाक मारली. मग एक वाक्य,
एवढ्या वर्षांत न ऐकलेलं:
"माझं राहू दे. जहाज सांभाळ."
घरघर. रेघा. झेंडा.
चौघे पेटी आणतात, बाजारातून रिकामं खोकं आणावं तशी,
मागचा एक तर हसू दाबतोय.
बिगूल संपतो. दार उघडतं.
एसी बंद, म्हणून सगळं गप्प.

आणि त्या गप्पपणात, कॅमेऱ्याच्या मागून,
कोणीतरी खोकतं.
एकदा, मग अर्धं, मूठ तोंडाशी धरून.

तो खोकला मी फोनवर, भिंतीआडून,
चर्चच्या शेवटच्या बाकावरूनही ओळखला असता.
आपली पेटी जाताना
तो तिथेच उभा होता,
माझ्या वेटोळ्याशेजारी, जाकिटाची साखळी उघडी टाकून.

खेळात मागे जाता येत नाही.
तेवढा खोकला पुन्हा ऐकायचा
तर पहिल्यापासून उडायचं, चौथ्या मिनिटापर्यंत,
आणि हात काढून घ्यायचा.

काल रात्री पाच वेळा.
सहाव्यांदा बोटं ऐकेनात, वळली.
त्यानं कॉफी ओतली.